मोजून दिलेलं पाणी

१२ जानेवारी

भाजी आज पुन्हा अळणी! चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. सूनबाई म्हणतात, "बीपीसाठी मीठ कमी सांगितलंय, बाबा." मग मुलाच्या ताटातली भाजी खारट कशी? त्याच्या ताटातली फोड उचलून चाखली मी. तो म्हणे, "मी वरून घेतलंय मीठ." बायकोची बाजू घ्यायला याला कधी शिकवावं लागलं नाही.

आठवडाभर डोकं जड आहे. मळमळतं. ही होती तोवर माझं पोट कधी बिघडलं नव्हतं. ही गेली आणि माझ्या पोटात काय जावं ते ठरवणारे हात बदलले. मी काही म्हणत नाही. फक्त तारीख टाकून ठेवतो.

चिमणीने दिलेल्या शक्तीच्या गोळ्या तेवढ्या न चुकता घेतो. सकाळी एक. गेल्या महिन्यात खास बस पकडून आली होती पोरगी. बाटली हातात ठेवली आणि म्हणाली, "बाबा, किती गप्प गप्प झालायस तू. रोज घे ह्या, नाहीतर मी बोलणार नाही तुझ्याशी." दवाखान्यात नोकरी करते, तिला कळतं. पोटची पोर ती पोटची पोर.

१४ जानेवारी

स्वयंपाकघरात कुजबुज. मी दारात गेलो तसा आवाज बंद. एवढंच कानावर पडलं – "आधी सांगितलं तर ते ऐकणारच नाहीत." सूनबाईंचा आवाज. माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

१५ जानेवारी

कुजबुज कशाची ते कळलं. सकाळी एक माणूस सुया-नळ्या घेऊन दारात. "बाबांचं रक्त न्यायला आलोय." मला न विचारता! नाही म्हटलं असतं तर हट्टी ठरलो असतो. दिलं.

१६ जानेवारी

रिपोर्ट आला. रक्तातलं मीठ – सोडियम म्हणतात त्याला – कमी. एकशे पस्तीसच्या वर हवं, माझं एकशे सव्वीस. काय सांगत होतो मी! अळणी जेवण! मुलाच्या नाकासमोर कागद धरला. तो म्हणतो, "जेवणातल्या मिठाचा संबंध नसतो बाबा, डॉक्टर म्हणाले. दाखल व्हायला सांगतायत."

दाखल! मला घरातून हलवायची घाई बघा. सूनबाईंनी तर पिशवीसुद्धा काढून ठेवली होती. पिशवी परत माळ्यावर टाकायला लावली.

१७ जानेवारी

उभा जन्म शहराच्या नळांची गळती शोधण्यात गेला. पाणी कुठे जातंय ते कळत नसेल तर आमची एक पद्धत होती. एकेका गल्लीची चावी बंद करायची आणि मोठ्या नळावरच्या मीटरच्या काट्याकडे बघत बसायचं. ज्या चावीनंतर काटा पडतो त्या गल्लीत चोर. साहेबाची गल्ली असो नाहीतर सासऱ्याची, चावी सगळ्यांची बंद करायची – ही अट.

आता तेच घरात. माझ्या पोटात सूनबाईंच्या हातचं जे जे जातं ते एकेक बंद करायचं. काटा म्हणजे माझं डोकं. उद्यापासून चहा बंद.

आणि दुसरं. नळात गाळ बसला की शेवटची चावी खोलून पाणी धो-धो सोडायचं, नळ धुऊन निघतो. माझ्या रक्तात कोणी काही घातलंच असेल तर तेही धुऊन काढायला हवं. भरपूर पाणी प्यायचं. नळाला तोंड लावून, म्हणजे मध्ये कोणाचा हात नको.

१९ जानेवारी

चहा सुटला, डोकं तसंच. चहा निर्दोष. आता दूध बंद. सूनबाई – "रुसलात का कोणावर?" मी ताकास तूर लागू दिली नाही.

पाणी चाललंय जोरात. पण जेवढं पितो तेवढं बाहेर पडत नाही. हे काही बरोबर नाही. नळाला एका टोकाने पाणी सोडलं तर दुसऱ्या टोकाला आलंच पाहिजे. कुठेतरी मुरतंय.

२१ जानेवारी

चष्म्याला काय म्हणतात ते सकाळी आठवेना. "ते – डोळ्यावरचं – द्या" म्हणालो. सूनबाईंनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने सूनबाईंकडे. नजरानजर टिपली मी! दुधाचा काही दोष दिसत नाही.

फरशी हलते. तेलाचं फडकं फिरवलंय तिच्यावर. विचारलं तर म्हणे, "कोरडी आहे बाबा, हात लावून बघा." वाकलो असतो तर पडलो असतो. तेच हवंय त्यांना.

२३ जानेवारी

जेवण बंद. सूप बंद. फक्त पाणी आणि चिमणीची गोळी. ती आपली गल्ली, तिला कशाला हात लावायचा. अक्षर वाकडं का येतंय? पेन बदललंय कोणीतरी.

२४ जानेवारी

ही दारात उभी होती. म्हणते पाणी पुरे. हिलाही फितवलं.

३० जानेवारी

हॉस्पिटलमधून लिहितो. वही मुलाने आणून दिली. मागची पानं वाचली असतील त्याने. वाचू दे.

मला मधले दिवस आठवत नाहीत. न्हाणीघरात पडलो म्हणतात. हातपाय झाडत होतो, डोळे फिरवले होते. सूनबाईंनी दार तोडलं. कडी आतून होती, बाईने स्टुलाने दार तोडलं! शेजारी सगळे सांगतायत कौतुकाने. मला प्रश्न पडतो – इतक्या लगेच कळलं कसं तिला? दाराला कान लावूनच होती ना?

आकडा एकशे चौदावर गेला होता. आता एकशे एकतीस. इथे हॉस्पिटलच्याच गोळ्या, हॉस्पिटलचंच जेवण. बाहेरचं काही नाही. आणि सुधारतोय! हे मी मनात नोंदवलं.

डॉक्टर पोरगेलासा आहे, पण समजावून सांगतो. म्हणाला, "काका, मीठ कमी नाही झालं, पाणी जास्त झालंय." मग सांगत बसला. मेंदूच्या तळाशी एक जागा आहे, ती रक्ताची चव घेत असते सारखी. रक्त जरा खारट झालं की ती दोन कामं करते – आपल्याला तहान लावते, आणि खालच्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून एक रस सोडते. तो रस मूत्रपिंडांना सांगतो, पाणी धरून ठेवा. रक्त पातळ झालं की रस थांबतो, मूत्रपिंडं पाणी सोडून देतात. रात्रंदिवस हेच. आपल्याला पत्ता नाही.

मी म्हटलं, "म्हणजे टाकीतला तरंगता गोळा. भरली की नळ बंद."

"तसंच. तुमचा गोळा अडकलाय. टाकी भरून वाहतेय आणि मेंदू मूत्रपिंडांना सांगतोच आहे, धरून ठेवा. त्यात तुम्ही वरून ओतलंत. मेंदूच्या पेशीच फुगल्या पाण्याने. म्हणून झटका आला. त्याआधी शब्द विसरणं, तोल जाणं, संशय घेणं – सगळं त्यातलंच."

संशय घेणं! हे कोणी सांगितलं त्याला? बरं जमलंय सगळ्यांचं. यापुढे मी काहीही म्हटलं की ते मीठच बोलतंय म्हणायचं. तरीही नळ धुवायचं खूळ माझंच होतं, हे कबूल करायला हवं. पाणी मी प्यायलो. पण गोळा अडकला कशाने? ते डॉक्टरलाही माहीत नाही. "शोधतोय," म्हणाला.

२ फेब्रुवारी

घरी. दिवसाला एक लिटर पाणी – चहा, दूध, सूप सगळं धरून. डॉक्टरचा हुकूम, अंमलबजावणी सूनबाईंची. सकाळी बाटली भरून ठेवतात आणि त्यातूनच सगळं. बाटलीवर रेघा मारल्यात! शहराला पाणी पाजलेल्या माणसाला घोट मोजून मिळतोय.

गोळ्यांचा डबा आता त्यांच्या ताब्यात. शक्तीच्या गोळ्यांची बाटली मात्र माझ्या उशाशी. ती मी देणार नाही म्हटलं.

४ फेब्रुवारी

जीभ टाळ्याला चिकटते. दात घासताना दोन घोट मारले. झाडांना पाणी घालायच्या झारीतूनही – चव मातीची होती, पण काय सांगू, अमृत! मागे वळलो तर सूनबाई.

"बाबा, झारी खाली ठेवा."

"माझ्या घरातलं पाणी आहे."

"घर तुमचंच आहे. पुन्हा फिट आली तर दार मलाच तोडायचंय. माझा खांदा अजून दुखतोय."

तोंडाची फटकळ आहे. कोण कुणाला पकडतंय बघा! जन्मभर मी पाणीचोर पकडले.

८ फेब्रुवारी

आकडा पुन्हा उतरला. एकशे पंचवीस. झारी सोडली तर पाणी मोजूनच पितोय. हॉस्पिटलमध्ये चढतो, घरी उतरतो. सांगा आता! शेंबड्या पोराला कळेल चोर कुठे आहे.

डॉक्टरने विचारलं, "दुसरं काही औषध घेता का? काही गोळ्यांनीसुद्धा हा गोळा अडकतो." मी म्हणालो, नाही. मुलगाही नाही म्हणाला. सूनबाई म्हणाल्या, "शक्तीच्या गोळ्या घेतात, ताईंनी दिलेल्या." डॉक्टर म्हणाला, त्यांनी काही होत नाही. चिमणीवर ढकलायला निघाली होती! जिथल्या तिथे तोंडघशी पडली.

घरी येताना रिक्षात ठरवलं. आता हे असं चालायचं नाही. एका घरात ती तरी राहील नाहीतर मी. मुलाला पाहिजे तर तोही जाऊ दे तिच्याबरोबर.

१० फेब्रुवारी

सूनबाई खोलीचं दार लावून फोनवर. बराच वेळ. भिंतीला कान लावला – जन्मभर तेच केलंय, नळ काय नि भिंत काय. तुटक ऐकू आलं. "ताई, खरं सांगा." मग नुसतं हं, हं. मग – "दोन दिवस थांबते. तुम्हीच सांगा त्यांना. मी नाही सांगणार." माझ्या लेकीला धमकावते आहे!

११ फेब्रुवारी

रंगेहाथ पकडलं!!

आंघोळीहून लवकर आलो मुद्दाम. सूनबाई माझ्या पलंगावर बसलेल्या, मांडीत चिमणीची बाटली. जुन्या गोळ्या नाहीत, दुसऱ्याच गोळ्या आत ओतत होत्या. रंगही वेगळा, जुन्या पांढऱ्या होत्या, ह्या लालसर. हात धरला मी तिचा.

पांढरी पडली. पण रडली नाही. म्हणाली, "ह्या शक्तीच्या आहेत बाबा. खऱ्या."

"आणि आधीच्या?"

"डॉक्टरांकडे दिल्या."

थाप! धडधडीत थाप! चिमणीच्या गोळ्या डॉक्टरला कशाला हव्यात? आणि देऊन वर दुसऱ्या भरायचं कारण काय? मी विचारत राहिलो. शेवटी म्हणाली, "आता नका विचारू मला. हो, घातलं विष. झालं समाधान?" आणि निघून गेली.

स्वतःच्या तोंडाने म्हणाली. मी हे जसंच्या तसं उतरवलंय.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. आजवर संशय होता, त्यात एक मजाही होती, खोटं कशाला बोलू. आज डोळ्यांनी पाहिलं. ही असती तर तिच्या कुशीत तोंड खुपसलं असतं.

१२ फेब्रुवारी

चिमणीला फोन केला. सगळं सांगितलं. पोरगी म्हणाली, "बाबा, तू कुठल्याच गोळ्या घेऊ नकोस आता. मी येते रविवारी." बघा! काळजी म्हणतात ती ही.

१६ फेब्रुवारी

आज सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. मी खुर्चीत. चिमणी माझ्या शेजारी. मुलगा, सूनबाई समोर.

मी तयारी केली होती, त्यामुळे अडखळलो नाही. अळणी जेवणापासून सुरुवात केली. कुजबुज, फरशी, हॉस्पिटलात चढणारा आणि घरी उतरणारा आकडा, आणि शेवटी बाटली. म्हणालो, "मी पोलिसात जात नाही, घराण्याची अब्रू आहे. पण उद्या या घरात तुझं काही दिसता कामा नये."

मुलगा बायकोला म्हणाला, "अगं, बोल ना काहीतरी." ती म्हणाली, "माझं काम नाही ते." आणि चिमणीकडे बघत बसली. मग विचारलं तिला – "ताई, तुम्हाला काही बोलायचंय?"

केवढा उद्धटपणा! पाहुणी म्हणून आलेल्या नणंदेला असं कोंडीत पकडतात? चिमणीने मान खाली घातली. बिचारीला भांडणं सहन होत नाहीत, लहानपणापासून. आमचा आवाज चढला की पलंगाखाली जाऊन बसायची. मीच म्हणालो, "तिला मध्ये ओढायचं कारण नाही." सूनबाई उठल्या, आत जाऊन कपाट उघडलं.

१७ फेब्रुवारी

गेले. दोघंही. मुलगा पाया पडायला वाकला नाही – जाऊ दे. सूनबाईंनी जाताना रेघांची बाटली भरून टेबलावर ठेवली. चिमणीला म्हणाल्या, "लिटरच्या वर देऊ नका." अखेरपर्यंत मानभावीपणा! ती बाटली मी मोरीत ओतली आणि चिमणीकडून दुसरी भरून घेतली. तेवढीच, लिटरभर. जिवाशी खेळ नको.

२० फेब्रुवारी

डोकं हलकं. सकाळी पेपर अथपासून इतिपर्यंत वाचला. फरशी जागच्या जागी आहे. चिमणीने रजा वाढवून घेतलीय.

२४ फेब्रुवारी

रक्त नेलं होतं, फोनवर आकडा सांगितला. एकशे तेहेतीस! सूनबाई गेल्या आणि काटा वर आला. चावी बंद केली, गल्ली सापडली. माझी पद्धत कधी खोटी पडली नाही.

चिमणीला हाका मारून सांगितलं. भांडी घासत होती. मला वाटलं उड्या मारेल. नळ तसाच चालू ठेवून रडायला लागली. आनंदाने कोण असं हमसून रडतं? आईची आठवण आली असेल. मी पाठीवर हात ठेवला तर अंग चोरलं तिने.

२६ फेब्रुवारी

चिमणी हल्ली नजरेला नजर देत नाही. काल म्हणाली, "बाबा, तुला एक सांगायचं होतं." मी वही मिटून समोर बसलो. मग म्हणे, "काही नाही, डाळ संपलीय." डाळीचा डबा भरलेला आहे. मी उघडून पाहिला.

तिला काय झालंय? सूनबाईंनी काही भरवून दिलंय का तिच्या मनात माझ्याबद्दल? त्या फोनवर काय बोलणं झालं होतं? विचारायचं राहिलंच.

१ मार्च

चिमणी आज परत गेली. अचानक. नोकरीवरून बोलावणं आलं म्हणाली. फोन वाजलेला मी तरी ऐकला नाही. दारात माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "मी तुझ्यासाठीच केलं, बाबा." काय केलं, म्हटलं. स्वयंपाक, म्हणाली.

घरात आता मी एकटा. भाजी केली. मीठ जास्त पडलं, कोणाला सांगणार. मुलाला फोन करावा असं दोनदा मनात आलं. तो आपणहून करत नाही, तर मी का करू?

५ मार्च

डॉक्टरकडे एकटाच गेलो. आकडा एकशे सदतीस. मी म्हणालो, "सून घराबाहेर गेली आणि मी बरा झालो, हे लिहून ठेवा." त्याने पेन खाली ठेवलं. "तुम्हाला अजून कोणी सांगितलं नाही? सूनबाईंनीच तर मला आणून दिल्या त्या बाटलीतल्या गोळ्या. शक्तीच्या नव्हत्या काका, उदासपणावरच्या होत्या. त्या गोळ्यांनीच तुमचा गोळा अडकला होता. मी तेव्हाच तुम्हाला फोन करणार होतो. सूनबाई म्हणाल्या, थांबा, ज्यांनी दिल्या त्यांनाच सांगू द्या, नाहीतर बाप-लेकीत कायमचं तुटेल."

घरी येऊन बाहेरच्या खोलीत बसलोय, त्याच खुर्चीत. त्या दिवशी इथे दोघींना सगळं माहीत होतं. बोलत होतो फक्त मी.